समर बेडिंग आणि सासूबाईंची गोधडी

बोईसर,
गुरुवार, ता. १९ मे १९६६

तीर्थरूपासमान श्री. नरहरीभाऊ यांस,
आपला मेहुणा कमलाकांत याचा साष्टांग नमस्कार.

साष्टांग हा शब्द आपण सगळेच लिहितो आणि आरामात खुर्चीत बसून लिहितो. मी मात्र गेला सव्वा महिना नुसत्या फरशीवर निजतो आहे, तेव्हा आठही अंगं भुईला टेकल्यावर कसं वाटतं ते माझ्याइतकं ताजं कुणाला ठाऊक नसेल. अंगाखाली काहीच का नाही, हे पुढे येईलच. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल अशी आशा करतो. (एरंडाचं पान बांधा, पण गरम करून. मागच्या खेपेस तुम्ही गार बांधलंत आणि दोष पानाला दिलात.) पानवेलींना या उन्हात पाणी पुरतं ना? वहिनींचा खोकला कसा आहे? त्यांच्या ओट्यावरच्या कुंड्या बकरीनं खाऊन बोडक्या केल्या असं कळलं, फार वाईट वाटलं. मुकं जनावर आहे, तिला मारू नका. आणि सर्वांच्या शेवटी सौ. जमनाची खुशाली विचारतो. ती चैत्रापासून तुमच्याकडे आहे, तिला माहेरपण मिळतं आहे, आनंद आहे. आंबे संपेपर्यंत खुशाल राहू दे. मला इथे काहीएक घाई नाही.

तिनं तुम्हांला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण अंदाज आहे. मी तुमच्या मातोश्रींची गोधडी अमेरिकन मडमेला विकली, असं जर केळव्यात कुणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. मी ती विकली नाही. मी ती टांगली. आता हे वाक्य लिहून पाहिल्यावर विकणं त्यातल्या त्यात बरं दिसतं हे मला कळतं, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

तुमच्याच शब्दावर मला या बंगल्यावर केअरटेकरची नोकरी लागली, हे मी विसरलेलो नाही. तीन महिने कच्ची, मग साहेबांचं मत चांगलं पडलं तर पक्की. त्या वेळी अर्जात ‘इंग्रजी कितपत येतं’ असा रकाना होता, तिथे मी ‘उत्तम’ असं लिहिलं. (तुम्ही शेजारी उभे होतात. तुम्ही खोकलात. मी तो खोकला होकार समजलो.) बंगल्यात तारापूरच्या वीजघराच्या कामावरचे एक इंजिनियर साहेब आणि त्यांची मॅडम राहतात. साहेब सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात, म्हणजे साहेबांचं मत म्हणजे मॅडमचंच मत. मॅडम स्वभावानं गोड, पण बोलतात ते तोंडात सुपारी धरल्यासारखं, म्हणून मीच त्यांना सुचवलं की काय हवं ते चिठ्ठीवर लिहून देत जा. लिहिलेलं इंग्रजी जागचं हलत नाही, डिक्शनरी घेऊन त्याच्याशी निवांत बसता येतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चिठ्ठी आली. ‘समर बेडिंग, बास्केट्स अँड पॉट्स, सहा सहा, शनिवारपर्यंत.’ भाऊ, आता तुम्हीच सांगा, बेडिंग म्हणजे काय? आपण लग्नाला निघालो की पट्टा आवळून हमालाच्या डोक्यावर जे देतो ते बेडिंग. बोईसर स्टेशनातल्या कुणालाही विचारा, दुसरं उत्तर येणार नाही. डिक्शनरी काढायचीसुद्धा गरज वाटली नाही. समर म्हणजे उन्हाळा. तर मॅडमना स्प्रिंगच्या जाड गादीवर उकडतं आहे, उन्हाळ्यापुरतं काहीतरी हलकं अंथरूण हवं आहे. पॉट म्हणजे उशाशी पाण्याचं मडकं. बास्केट म्हणजे सकाळी अंथरुणं गुंडाळून ठेवायला टोपल्या. पाहुणे येणार म्हणून सहा. इतकं सगळं जागच्या जागी बसलं की शंका यायला फटच राहिली नाही. मी मनात म्हटलं, अमेरिकन झाली तरी बाई व्यवस्थित आहे.

मडकी कुंभाराकडून आणली. नव्या टोपल्या बाजारात मिळेनात, म्हणून तारापूरच्या कोळीवाड्यातल्या हिराबाईकडून तिच्या वापरातल्या सहा आणल्या. (तिनं धुऊन दिल्या होत्या, पण बोंबील एका धुण्यात टोपली सोडत नाही.) राहिल्या गोधड्या. चार बाजारात मिळाल्या. पाचवी मी माझ्या अंगाखालची दिली. सहावी मिळेना. जमना तेव्हा दोन दिवस उमरोळीला मावसबहिणीकडे हळदीला गेली होती. मी ट्रंक उघडली आणि सासूबाईंची गोधडी काढली.

हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं. ती गोधडी कोणती हे तुम्हांला मी सांगायला नको. सासूबाईंच्या तीन लुगड्यांची, वर निळं, काठ जांभळा, आणि एका कोपऱ्यात टाक्यांची एक ओळ वाकडी गेलेली, कारण तेव्हा त्यांना दिसेनासं झालं होतं आणि तरीही त्यांनी सुई दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. जमना ती अंगावर घेत नाही, अंथरत नाही. पावसाळा संपला की एकदा उन्हात टाकते आणि त्या वाकड्या ओळीवरून हात फिरवून परत ठेवते. मला हे सगळं माहीत होतं. मी म्हटलं, एक आठवड्याचा प्रश्न आहे, मडमेच्या नजरेत भरेल अशी एक तरी वस्तू त्यात असावी. गौरीच्या मुखवट्याला दागिना मागून आणतात तसा माझा हिशेब होता.

शनिवारी सगळा माल व्हरांड्यात मांडून मी मच्छरदाणीच्या काठ्या आणायला पालघरला गेलो. (बेडिंग आहे तर मच्छरदाणी हवीच, हे मी आपणहून ताडलं होतं. हुशारी अंगाशी येते ती अशी.) मागे राहिला आमचा माळी झिपरू. बेटेगावचा, वयानं माझ्याहून मोठा, दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. मॅडम बाहेर आल्या, त्यांनी टोपल्या पाहिल्या, मडकी पाहिली, गोधड्या पाहिल्या आणि टाळ्या वाजवल्या. झालं होतं असं की त्यांच्या देशात ऋतूपुरत्या फुलझाडांना बेडिंग म्हणतात. वाफ्याला ते लोक बेड म्हणतात, म्हणून त्यात लावायचं ते बेडिंग. तुम्ही पानवेलीत जन्म काढलात, वाफ्याला खाट म्हणावं असं तुमच्या तरी कधी मनात आलं होतं का? तर मॅडमना हव्या होत्या फुलझाडं लावायला टांगत्या टोपल्या आणि कुंड्या. अशा टोपलीतून माती गळू नये म्हणून आत काहीतरी घालावं लागतं. त्यांना वाटलं, या माणसानं न सांगता तेही आणलं.

मी परत आलो तेव्हा सहाही टोपल्या काथ्याच्या दोरीनं व्हरांड्याला टांगलेल्या, आत गोधडी, गोधडीत माती आणि शेणखत. मडक्यांना खाली भोकं पाडून झालेली. मी झिपरूकडे पाहिलं. तो म्हणाला, “बाईनी हात केला तसा मी केला. मना काय म्हाईत ती निजायची हाय का लावायची.” तेवढ्यात मॅडम आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “व्हेरी क्लेव्हर.” आणि मी थँक्यू म्हणालो. भाऊ, आजवर मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण त्या एका थँक्यूइतकं महाग एकही पडलं नाही. मग त्यांनी विचारलं, बेडिंग कुठे आहे? मी टोपलीकडे बोट करून म्हटलं, “इनसाइड.” त्या हसल्या, मी विनोद केला असं त्यांना वाटलं, आणि आतून एक रंगीत पुस्तक आणून माझ्यापुढे धरलं. वर मोठ्या अक्षरांत ‘समर बेडिंग’ आणि खाली पानभर फुलं. त्या क्षणी मला इंग्रजी आलं.

तिथेच सांगायला हवं होतं. मॅडम, चूक झाली, ही एक गोधडी मला परत द्या. पण तसं सांगायचं तर चिठ्ठी कळली नव्हती हे सांगावं लागणार, आणि मग अर्जातलं ते ‘उत्तम’ उघडं पडणार. दुसऱ्या दिवशी जमना हळदीहून आली, ट्रंक पाहिली आणि तडक बंगल्यावर आली. तिसऱ्या टोपलीच्या वेतातून निळ्यावरचा जांभळा काठ बाहेर दिसत होता. ती खाली उभी राहून वर बघत राहिली. मला वाटलं आता भांडेल, मी भांडणाच्या तयारीत होतो. ती एवढंच म्हणाली, “आईला टांगलंत तुम्ही.” आणि मिळेल त्या पॅसेंजरनं केळव्याला निघून आली. पुढचं तुम्हांला माहीत आहे.

इकडे बेडिंगची निवड सुरू झाली. मॅडमनी पुस्तकातून पेटुनिया आणि पँझी अशी दोन नाजूक नावं निवडली. रोपं पुण्याहून ओल्या गवतात गुंडाळून आली. पँझीच्या फुलाला माणसासारखं तोंड असतं. एप्रिलचं बोईसर पाहून त्या तोंडावर जो भाव आला तो मी नोकरीवर आलो त्या दिवशी माझ्याही तोंडावर असावा. पुस्तकात लिहिलं होतं, सकाळ-संध्याकाळ पाणी घाला, सुकलेली फुलं खुडा. मी पाणी घातलं, सुकलेली फुलं खुडली, मग सुकलेली पानं खुडली, आणि नवव्या दिवशी खुडायला काही उरलं नाही. झिपरू रोज मान हलवीत होता. भरीत भर म्हणून हिराबाईच्या टोपल्यांचा वास पाणी मिळाल्यावर नव्यानं जागा झाला आणि गावातली तीन मांजरं व्हरांड्याखाली ठाण मांडून दिवसभर वर तोंड करून बसू लागली. मॅडमनी साहेबांना कौतुकानं सांगितलं की इकडच्या मांजरांना फुलांची आवड आहे.

टोपल्या रिकाम्या झाल्या तेव्हा तरी गोधडी काढायची होतीस, असं तुम्ही म्हणाल. झिपरूही म्हणाला होता, “देतू काय काढून? तुमची मालकीन गेली नं.” पण चौदा मेला मुंबईहून कंपनीचे थोरले साहेब बायकोसह चहाला येणार असं तोवर ठरलं होतं, आणि त्यानंतरच्या सोमवारी माझ्या नोकरीचा कागद व्हायचा होता. मी झिपरूला म्हटलं, थांब, चहा होऊ दे. हे माझं चुकलं. बाकी सगळी चूक त्या बेडिंग शब्दाची, ही एवढी माझी.

मधे मी जमनाला न्यायला केळव्याला येऊन गेलो, तुम्ही वाडीत होतात. वहिनींनी चहा दिला, जमना बाहेर आली नाही. दोन तास मी ओट्यावर एकटा बसलो. टोपल्यांत चिनी गुलाब लावायचा सल्ला झिपरूनं आधीच दिला होता, परत आल्यावर तो लावला. (आपल्याकडचा चिनी गुलाब. कंपनीच्या हेडक्लार्कनं, चीननं आपल्याशी काय केलं ते विसरलात का, म्हणून मला झापलं. मी म्हटलं, साहेब, हा चीनमधून पळून आलेला आहे.) काड्या एका ओळखीच्या घरून मिळाल्या, घराचं नाव सध्या नको. काडी खोचली की लागते, ऊन जितकं कडक तितकी खूश. मी सवयीनं झारी उचलली तर झिपरूनं ती हातातून काढून घेतली. “ह्याला पानी लय नाय लागत. तानेला ऱ्हेल तवा फुलंल.” माझ्या आठवणीत हे त्याचं सगळ्यांत लांब भाषण. त्याचं ऐकलं आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात सहाही टोपल्या गुलाबी, पिवळ्या, शेंदरी फुलांनी अशा भरल्या की तारापूर रस्त्यानं जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून बघत. मॅडम दिवसातून चारदा बाहेर येत. मीही बघत असे, पण तिसऱ्या टोपलीकडे बघणं टाळत असे.

चौदा तारखेला थोरले साहेब अकराला यायचे होते. वाटेत त्यांची मोटार बिघडली आणि ते आले पाचला. आता चिनी गुलाब तुम्हांला सांगायला नको. तो सरकारी नोकर आहे. नऊला उघडतो आणि तीनच्या सुमारास जो मिटतो तो मग कुणाच्या बापासाठी उघडत नाही. सहा टोपल्यांत एक फूल नाही, नुसत्या हिरव्या वळवळत्या काड्या आणि खाली तीन मांजरं. मॅडमचे डोळे भरून आले. त्या परत परत सांगत होत्या की सकाळी होती, खरंच होती. मला त्यांची दया आली आणि माझी जास्त आली.

फुलं नसल्यामुळे थोरल्या मॅडमचं लक्ष टोपलीकडे गेलं. म्हाताऱ्या बाई, चष्मा जाड. त्या तिसऱ्या टोपलीपाशी गेल्या, वेतातून बाहेर आलेला काठ त्यांनी बोटांत धरला, टाके बघितले, आणि बोट बरोबर त्या वाकड्या ओळीवर थांबलं. त्यांनी मला विचारलं, हे कुणी शिवलं? त्यांची आईसुद्धा जुन्या कपड्यांचं असंच शिवायची म्हणे. मला त्यांचं इंग्रजी शब्दन् शब्द कळलं, कसं कळलं देव जाणे. आणि मी म्हणालो, “मॅडम, वाइफ्स मदर. मदर डेड. आय थॉट बेडिंग मीन्स बेडिंग. माय मिस्टेक. वाइफ गॉन.” व्याकरण तुम्ही बघू नका. गेल्या तीन महिन्यांत मी बोललेलं हे पहिलं खरं इंग्रजी होतं. मग आमच्या मॅडम उठल्या, स्वतः स्टुलावर चढल्या, टोपली सोडवली आणि माझ्या हातात दिली. आधी का नाही सांगितलंस, एवढंच त्या म्हणाल्या.

नोकरी गेली असं समजून मी ट्रंक आवरायला घेतली होती. पण सोमवारी कागद आला, पक्की. सोबतच्या माझ्या अर्जात इंग्रजीच्या रकान्यात ‘उत्तम’ खोडून कुणीतरी ‘प्रामाणिक’ असं लिहिलं आहे. आता मॅडम चिठ्ठीवर लिहीत नाहीत, चित्र काढतात. काल अंड्याचं चित्र होतं, मी बटाटे आणले. तरी प्रगती आहे.

तिसरी टोपली सध्या आपल्या घराच्या ओसरीत टांगली आहे. मी हात लावलेला नाही. झिपरू म्हणतो, आठ दिवस पाणी तोडलं तर माती सुटेल, मुळं अलगद निघतील आणि गोधडी न फाटता हाती येईल. एक-दोन मुळं त्या वाकड्या ओळीच्या टाक्यांतून गेली आहेत, ती कशी काढायची ते मात्र त्यालाही सांगता येत नाही. काढायची की राहू द्यायची हे मी ठरवणार नाही. एकदा तिला न विचारता ठरवलं, तेवढं पुरे झालं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा. कळावे, लोभ आहे तो पातळ झाला असला तरी तुटू देऊ नये, ही विनंती.

आपला,
कमलाकांत

ता. क. – बकरीला सोडा. त्या दिवशी ओट्यावर दोन तास बसलो होतो तेव्हा वहिनींच्या कुंड्यांतल्या चिनी गुलाबाच्या काड्या मीच खुडून रुमालात बांधून आणल्या. बकरी नुसती माझ्याकडे बघत होती.

ता. क. दुसरा – आंबे संपेपर्यंत राहू दे, घाई नाही, असं वर लिहिलं आहे ते खोटं आहे. मला जमना हवी आहे. घरात करमत नाही, आणि फरशीचं म्हणाल तर बाजारात दुसरी गोधडी मिळते, पण ती घेऊन निजलो तर मी सोयीनं राहतो आहे असं होईल, म्हणून घेत नाही. हे पत्र तिला वाचून दाखवू नका, ती हट्टानं ऐकणार नाही. ओट्यावर विसरून जा.

ता. क. तिसरा – यायचं तिच्या मनात आलं तर कृपा करून पहिल्या गाडीनं पाठवा, म्हणजे नऊ-दहापर्यंत ती ओसरीत पोचेल. दुपारच्या गाडीनं पाठवू नका. फुलं मिटलेली असतील, आणि मग तिला नुसती गोधडी दिसेल आणि तिच्याखाली उभा असलेला मी.